मागची खोली

नौपाडा, ठाणे
१० जून २०२४

दिशा बाळा,

काल ह्यांचं वर्षश्राद्ध झालं. गुरुजींना पुढे आणखी एक घर होतं, त्यामुळे लवकर उरकलं. तुझी वाट पाहत होते. मग तुझ्या आईचा फोन आला, "वहिनी, दिशा बाजूला बसलीय हो, तिला श्राद्धाला कशी आणू?" मी म्हटलं असू दे. पण मनात होतं ते लिहिते. मला तू आलेली चालली असतीस, आणि ह्यांनाही.

तुमच्या चाळीत आम्ही वीस वर्षं भाड्याने राहिलो. ह्यांना जाऊन वर्ष झालं आणि मला तुमच्याकडचं दार सोडूनही वर्ष झालं. भावाची ही जागा रिकामी पडली होती म्हणून आले. जागा चांगली आहे, स्टेशन जवळ, भाजी दारात. पण इथे कोणी दार वाजवल्याशिवाय आत येत नाही. तू तर आमच्या उंबऱ्यावर बसूनच वाचायला शिकलीस. मी नववीत शाळा सोडलेली, ह्यांनी वाचनालयाचं कार्ड काढून दिलं म्हणून वाचायला लागले, आणि माझं वाचून झालं की तू ओढून न्यायचीस.

माझी काळजी करू नकोस. शेजारच्या विमलाबाई रोज संध्याकाळी चहाला येतात. वेळ जातो.

तुझ्या आईने फोन ठेवताना दिवा गावातून तुला आलेल्या स्थळाचं सांगितलं. तुझं तू लिही. मला मोबाइलवर टाइप करता येत नाही आणि तुझा मोबाइल तुझ्या घरात सगळेच हाताळतात. पत्र बरं. तुझे बाबा म्हणतातच, सरोजकाकूंचं पत्र म्हणजे पुस्तकांचं, कोण वाचणार!

तुझी
सरोजकाकू


मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
१९ जून २०२४

प्रिय काकू,

सॉरी. मी यायला पाहिजे होतं. त्या दिवशी मी मागच्या खोलीत बसून खूप रडले. काकांनी मला सायकल शिकवलेली आणि मी त्यांच्या श्राद्धाला नाही.

दिव्याची माणसं येऊन गेली. मुलाचं नाव कमलेश. वाईट नाहीये. बुलेट आहे, गळ्यात बाबांसारखीच चेन आहे, आणि मला विचारलं काय तर "कॉलेज कंटिन्यू करणार ना?" म्हणजे बराच म्हणायचा. त्याच्या मावशीने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. आजी लगेच बोलली, "उंच हाय पोर, बापावं गेलीय. अंग भरंल लगीन झाल्यावं." सगळे हसले. मी पण हसले.

काकू, आता जे लिहितेय ते कोणालाच माहीत नाही, फक्त आईला आहे. मी बाजूला बसलेली नव्हते. म्हणजे बसलेली, पण खोटी. मी एकोणीस पूर्ण केली आणि मला अजून एकदाही पाळी आलेली नाही.

दहावीत असताना आजी सारखी आईला विचारायची, पोरीचं काय झालं, पोरीचं काय झालं. मोठ्या काकांकडे सत्यनारायण होता, सगळ्या बायका बसलेल्या, आजीने सगळ्यांसमोर विचारलं, आणि आई घाबरून बोलून गेली की हो, आजच बसलीय. झालं! माझी ओटी भरली, आजीने गल्लीभर गूळखोबरं वाटलं. मग पुढच्या महिन्यात बसावंच लागलं. मग त्याच्या पुढच्या. आई कॅलेंडरवर सिलिंडरच्या तारखेसारखी खूण करते आणि मी मागच्या खोलीत जाऊन बसते. वेगळं ताट, वेगळी चादर. आजी जुन्या वळणाची, त्या दिवसांत दारातून सरकवून ताट देतात, कोणी शिवत नाही.

सुरुवातीला मजा वाटायची. तुम्ही दिलेली पुस्तकं तिथेच वाचली सगळी. आता भीती वाटते. आईला म्हटलं डॉक्टरकडे जाऊया, तर म्हणते, "आणि घरात काय सांगू? चार वर्षं काय बसवत होते तुला?" म्हणते, कोणाकोणाला उशिरा येते.

एवढा उशीर होतो का, काकू?

दिशा


नौपाडा
२४ जून २०२४

दिशा बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि उठून कुकर लावला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. भात खूप झाला. दोन दिवस तोच खाल्ला.

नाही, एवढा उशीर होत नाही. सोळा वर्षांपर्यंत आली नाही तर डॉक्टरला दाखवायचं असतं, हे मी कधीतरी वाचलं होतं. तू दर महिन्याला बसतेस असं मला वाटत होतं, म्हणून कधी विचारलं नाही.

माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर मैथिली डॉक्टर आहेत. शांत बाई आहेत, ओरडत नाहीत. मूल व्हावं म्हणून मी आणि हे किती दवाखान्यांच्या बाकांवर बसलो ते तुला ठाऊक नाही. त्या अनुभवावरून सांगते, डॉक्टर ओरडणारा नसेल तर निम्मं काम होतं. बहुतेक अशक्तपणा असेल, नाहीतर थायरॉइड. गोळ्यांनी होऊन जाईल. काळजी करू नकोस.

आईला घेऊन ये. घरी सांगा, काकूंकडे पुस्तकं आणायला जातोय. आईला म्हणावं, सरोजवहिनी रागावलेल्या नाहीत. आईने तुला लोकांच्या तोंडून वाचवायला केलं. पण आता लग्नाची बोलणी पुढे जायच्या आत या.

तुझी
सरोजकाकू


मानपाडा
२ ऑगस्ट २०२४

प्रिय काकू,

काल आम्ही सोनोग्राफीचा आणि रक्ताचा रिपोर्ट घेतला आणि तुमच्याकडे न येता परस्पर निघून आलो. तुम्ही जेवायचं करून ठेवलं असणार, मला माहितीये. आईला तुमच्यासमोर यायला जमलं नाही. मलाही.

थायरॉइड नाहीये.

मैथिली डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. बायकांमध्ये बहुतेक दोन एक्स गुणसूत्रं असतात. माझ्यात एक एक्स आणि एक वाय आहे. जशी पुरुषांत असतात तशी. आईने विचारलं, म्हणजे काय हो? डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे तुमची मुलगी मुलगीच आहे. जन्मली तेव्हा होती, आता आहे, पुढेही राहणार." मला गर्भपिशवी आहे. लहान राहिलीय, गोळ्यांनी वाढेल, पाळीपण येईल. दुसऱ्या कोणाचं स्त्रीबीज घेऊन मी पुढे मूलही वाढवू शकेन म्हणाल्या. फक्त बीजांडकोश असायला पाहिजेत तिथे नुसत्या पांढऱ्या पट्ट्या आहेत. त्या कधी चालल्याच नाहीत.

पण त्या वायमुळे त्यांच्यात कॅन्सर होऊ शकतो. खूप जणींना होतो. म्हणून होण्याआधीच काढून टाकायच्या. दुर्बिणीचं ऑपरेशन, पोटाला तीन छोटी भोकं, दोन रात्री हॉस्पिटल. डॉक्टर एवढ्या साधेपणाने सांगत होत्या, जसं काही अक्कलदाढ काढायचीय.

आईने रिक्षात रिपोर्ट पिशवीच्या तळाशी घातला. शिळफाट्याला सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "कोणाला बोलायचं नाय. आधी लगीन होऊ दे, मग बघू." दसऱ्याला साखरपुडा धरतायत.

आणि काकू, मी ते ऑपरेशन करणार नाहीये. माझ्यात आधीच काय काय नाही ते कळलं. आता जे आहे तेही काढायचं? मग उरणार काय? कालपासून मी आरशात बघतेय. तीच मी आहे आणि कोणीतरी दुसरंच बघतंय.

दिशा


नौपाडा
६ ऑगस्ट २०२४

दिशा बाळा,

जेवण केलं होतं. अळूची भाजी तुझ्या आईला आवडते म्हणून. असो.

थायरॉइड असेल असं मी लिहिलं, ते मला कळत नसताना लिहिलं. यापुढे कळेल तेवढंच लिहीन. काल मैथिली डॉक्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, दिशाच्या परवानगीशिवाय मी दिशाबद्दल बोलणार नाही. मला ते आवडलं. मग मी म्हटलं, दिशाबद्दल नको, असं ज्यांना असतं त्यांच्याबद्दल सांगा. त्यांनी पेशंट थांबवून सांगितलं. हे जन्माच्याही आधी, आईच्या पोटात ठरतं. कुणाच्या खाण्यापिण्याने, पापाने, नजरेने होत नाही. त्या पट्ट्यांनी तुला काही दिलेलं नाही, पुढेही देणार नाहीत. तुझ्या वाढीचं काम गोळ्या करणार आहेत, हाडांचंही. पट्ट्या फक्त धोका घेऊन बसल्या आहेत. मी विचारलं, वर्षभर थांबलं तर? म्हणाल्या, तो धोका कधी जागा होईल ते बाहेरून दिसत नाही, म्हणून कळल्यावर थांबायचं नसतं.

आता ह्यांचं सांगते. ह्यांना जेवल्यावर पोट जड वाटायचं. आम्ही ओवा केला, हिंग केला, सोडा केला. तुझ्या आजीने डिकेमाली दिली. कळलं तेव्हा डॉक्टरांनी पोट उघडलं, आत पाहिलं आणि तसंच शिवलं. मी बाहेर बाकावर होते. डॉक्टर इतक्या लवकर बाहेर आले की मला वाटलं, किती सोपं होतं.

ह्यांना आधी सांगणारं कोणी नव्हतं. तुला सांगितलंय. तू सज्ञान आहेस, तुझ्या सहीवर ऑपरेशन होतं.

आणि त्या मुलाला न सांगता लग्न करू नकोस. खोटं बोलून माणूस एकटं पडत जातं, दिशा. तू त्या मागच्या खोलीत अशीच पडलीस.

तुझी
सरोजकाकू


मानपाडा
१४ ऑगस्ट २०२४

काकू,

खोटं बोलून माणूस एकटं पडतं, बरोबर. मग विमलाबाईंच्या दाराला कुलूप का आहे?

सोनोग्राफीला आलो तेव्हा तुमच्याकडे थांबलेलो, त्या दिवशी तुम्ही पोहे करत होतात तेव्हा मी त्यांना हाक मारायला गेले होते. तुम्ही नेहमी त्यांच्याबद्दल लिहिता म्हणून. कुलपावर धूळ होती. खालचा वॉचमन म्हणाला, त्या तर होळीच्या आधीच पुण्याला मुलीकडे गेल्या. मग रोज संध्याकाळी चहाला कोण येतं?

मी तेव्हा काही बोलले नाही. वाटलं, काकूंना वाईट वाटेल. पण तुम्ही मला शिकवताय म्हणून बोलते. तुम्ही पण बाजूलाच बसलायत. मला निदान पाचव्या दिवशी उठता येतं.

थोडे दिवस मला पत्र पाठवू नका.

दिशा


नौपाडा
१ सप्टेंबर २०२४

दिशा,

थोडे दिवस म्हणजे किती ते कळेना. अंदाजाने थांबले. अजून नको असेल तर हे न वाचता ठेव.

विमलाबाई पुण्याला गेल्या हे खरं. जाताना तुळस मला देऊन गेल्या, ती जगली आहे. त्यांच्यानंतर संध्याकाळी चहाला कोणी आलेलं नाही. दूधवाल्याशी बोलते, भाजीवालीशी बोलते. एकदा चुकीचा नंबर लागला होता, त्या माणसाशीही बरंच बोलले. बिचारा कल्याणच्या कुठल्या गॅरेजला फोन लावत होता.

तुला खरं लिहिलं असतं तर तू दर रविवारी येऊन बसली असतीस, आणि कीव करून आलेलं माणूस मला नको होतं. म्हणून विमलाबाईंना ठेवून घेतलं. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा थोडं लाजल्यासारखं झालं. नंतर सवय झाली. तुझ्या आईचंही असंच झालं असणार.

श्रावणात समोरच्या इमारतीत मंगळागौर होती. बोलावणं होतं, गेले नाही. त्यांनी मनापासून बोलावलं होतं. नाही म्हणणारी मीच होते. तू लिहिलंस ते बरोबर आहे.

ऑपरेशनबद्दल आता काही म्हणणार नाही. पोट तुझं, सही तुझी. एकच सांगते. ह्यांच्यानंतर मी कुठल्या हॉस्पिटलची पायरी चढलेली नाही. त्या बाकावर पुन्हा बसायचं नाही असं ठरवलं होतं. पण तू गेलीस तर मी येऊन बसेन. पाहिजे असेल तर.

सरोजकाकू


मानपाडा
१० सप्टेंबर २०२४

प्रिय काकू,

पाहिजे आहे.

तुमचं पत्र वाचून मी ते आईला वाचायला दिलं. तिने पहिल्यांदा तुमचं पत्र वाचलं असेल. विमलाबाईंचं वाचून आधी हसली, मग पदर तोंडाला लावून बसली. म्हणाली, "वहिनी पण काय येडी बाई! मला सांगायला काय झालेलं?" मग मला म्हणाली, "तुला काय वाटतं? कापून घेशील?" मी म्हटलं, मला मरायचं नाहीये. एवढंच बोलले. काकांचं पोट तसंच शिवून डॉक्टर बाहेर आले, ते रोज डोक्यात येत होतं.

मग आई कॅलेंडरसमोर उभी राहिली, खूप वेळ. आणि म्हणाली, "गणपती उठले की तेवीसला तू बसायची हायेस ना?"

तुमच्या लक्षात आलं का? आईचीच आयडिया! तेवीसला आम्ही दोघी तुमच्याकडे यायचं. आई घरी फोन करणार की दिशा ठाण्यालाच बाजूला झाली, दोन दिवस वहिनींकडेच थांबतो. दोन रात्री हॉस्पिटल. मग घरी येऊन उरलेले दिवस मागच्या खोलीत. तिथे कोणी येत नाही, कोणी शिवत नाही, पोटाला काय चिकटवलंय ते कोणी बघत नाही. मैथिली डॉक्टर म्हणाल्या, पोट फाडून करायचं असतं तर हे जमलंच नसतं. दुर्बिणीचं आहे म्हणून चार दिवसांत मावतंय. पितृपक्ष आहे, त्यामुळे दिव्याचीही कोणी माणसं येणार नाहीत.

चार वर्षं फुकट बसले, एकदा तरी कामाला येऊ दे.

घाबरलेय पण.

दिशा


नौपाडा
२६ सप्टेंबर २०२४

दिशा बाळा,

तुम्ही काल दुपारी गेलात. हॉस्पिटलमधून येऊन तू टेकलीस ती चादर अजून घडी केलेली नाही.

तू आत होतीस तेव्हाचं तुला माहीत नाही म्हणून लिहिते. मी बाकावर बसले. तुझी आई शेजारी. तिने पिशवीतून डबा काढला आणि म्हणाली, "खा वहिनी, तांदळाची भाकरी हाय. सुकट तुम्ही खाणार नाय, तुम्ही पालेभाजीवाल्या." मी म्हटलं, कल्पिता, हे तुमच्या मागच्या दाराशी उभं राहून तुमच्या सासूबाईंच्या हातची सुकट खायचे आणि वेलदोडा चघळत घरी यायचे. वीस वर्षं त्यांना वाटलं मला वास येत नाही. तुझी आई इतकी हसली की नर्सने येऊन गप्प केलं. मग तिने माझा हात धरला, तो डॉक्टर बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

या वेळी डॉक्टरांना वेळ लागला. किती बरं वाटलं मला! लागू दे वेळ, असंच म्हणत होते. मैथिली डॉक्टरांबरोबरचे सर्जन बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "दोन्ही पट्ट्या पूर्ण निघाल्या. आत बाकी सगळं स्वच्छ दिसलं. तपासणीला पाठवल्या आहेत." तुझी आई त्यांच्या पाया पडायला वाकली, ते मागे सरकले आणि बाकाला अडखळले.

आता तू त्या खोलीत असशील. रस्त्यातल्या खड्ड्यांनी फार दुखलं का? मला सारखं वाटतंय, ऑपरेशन झालेल्या पोरीला दारातून सरकवून ताट. उठताना हात कोण देतं? तहान लागली तर? तुझी आई तरी आत येते का, की कोणी बघेल म्हणून तीही नाही?

तपासणीचं कळलं की लगेच कळव.

तुझी
सरोजकाकू


मानपाडा
५ ऑक्टोबर २०२४

प्रिय काकू,

आधी रिपोर्टचं. डाव्या बाजूच्या पट्टीत एका ठिकाणी गाठ सुरू झालेली होती. अगदी लहान, पट्टीच्या आतच. बाहेर कुठेही गेलेली नाही, आणि आता ती पट्टीच नाही. डॉक्टर म्हणाल्या, आणखी काही करायचं नाही, फक्त वेळच्या वेळी रक्त तपासायचं. मग म्हणाल्या, "दिवाळीनंतर आली असतीस तर मी हेच इतक्या सहज बोलू शकले असते की नाही, माहीत नाही." मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. काका आठवले.

आता दुसरं. खड्ड्यांनी जीव गेला. आईने पोटाशी उशी धरलेली. घरी आले आणि सरळ मागच्या खोलीत. पहिली रात्र कशीतरी काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी आई दुकानात गेलेली. मला पाणी पाहिजे होतं, तांब्या खिडकीत होता, आणि मला उठता येईना. कुशीवर वळले की टाके ओढायचे. हाक मारायची तर काय म्हणून मारणार? पाळीत कोणी एवढं कण्हतं का? मी तशीच पडून राहिले. तुमचं पत्र पोचलेलं नव्हतं, पण तुम्ही लिहिलेलं तेच, उठताना हात कोण देतं, तेच मी पण विचार करत होते.

तर दार उघडलं आणि आजी आत आली.

काकू, आजी. जी त्या दिवसांत माझी सावली पडली तर हात धुते. आत आली, तांब्या घेतला, माझ्या मानेखाली हात घातला आणि मला पाणी पाजलं. मी म्हटलं, "आजी, मी बाजूला..." तर म्हणाली, "गप गो. तू कवा बसलीस बाजूला? मना काय म्हायत नाय?"

मग म्हणाली, "तुझी आई मयन्याच्या मयन्याला कोऱ्या प्याडच्या पुड्या कागदात बांधून कचऱ्यात टाकते. मना वाटतं मी आंधली हाय?" मी विचारलं, मग बोलली का नाहीस कधी? तांब्या परत खिडकीत ठेवला. मग म्हणाली, "आई पोरीला झाकते. मी उघरी कशाला करू?"

मग पायाशी बसली. पोटाला हात नाही लावला, माझ्या पावलांवर ठेवला. म्हणाली, "कुठं कापलाय? दुखतंय?"

त्या खोलीत चार वर्षांत मला कोणी हात लावलेला नव्हता. मी रडायला लागले तर टाके दुखायला लागले, मग रडता पण येईना. आजी बोलली, "हल्लू रड, हल्लू."

मी तिला सगळं सांगितलं. एक्स-वाय तिला कळलं नाही, गाठ कळली. आई घरी आली, आजीला माझ्या अंथरुणावर बघितलं आणि दारातच खाली बसली. आजी तिला एवढंच बोलली, "जेव आधी, मग रड."

दिव्याचं आजीने बाबांना सांगून टाकलं, पोर शिकतेय, आत्ता लगीन नाय. बाबा चिडले, तर म्हणाली, "तुला चौथी नापास झाल्यावं पन मी घरात ठेवला ना?" बाबांना खरं कधी सांगायचं ते मी ठरवणार आहे. जेव्हा कोणी स्थळ येईल तेव्हा त्यालापण मीच सांगेन. तुम्ही लिहिलेलं ते मला पटलेलं, फक्त तेव्हा राग आला होता.

काकांची आठवण काढून आजी म्हणते, विश्रामच्या बायकोला बोलाव. माझ्या सुकटीचा गिऱ्हाईक गेला, ती तर येऊ दे.

दिशा


नौपाडा
११ ऑक्टोबर २०२४

दिशा बाळा,

"आता ती पट्टीच नाही" हे वाक्य मी मोठ्याने वाचलं. ह्यांच्या फोटोसमोर नाही, स्वयंपाकघरात, ओट्याशी उभी राहून. तिथेच मी ह्यांच्याशी बोलते.

तुझ्या आजीला चुकीचं समजले होते. मला वाटायचं, तुझ्या वाटेत उभी आहे ती तीच.

बोलावलंय तर यायला हवं. पण लगेच जमणार नाही. तुमच्या चाळीसमोरून जायचं, आमच्या दारावर दुसऱ्या कोणाचं तोरण, हे अजून डोळ्यांपुढे येतं. थोडा वेळ दे. गोळ्या वेळेवर घे.

तुझी
सरोजकाकू


मानपाडा
१२ मे २०२५

प्रिय काकू,

फोनवर सांगायचं नव्हतं म्हणून लिहितेय. आली. गेल्या महिन्यात पहिल्यांदा आली. खरी! आई अर्धा तास बाथरूमच्या दाराबाहेर उभी होती. मला वाटलेलं खूप आनंद होईल, पण पोटात दुखलं आणि चिडचिड झाली, एवढंच. आजीला सांगितलं तर हसून हसून तिला ठसका लागला. गूळखोबरं वाटू का म्हणाली, लोक म्हणतील म्हातारी खुळी झाली, पाच वर्षांपूर्वी वाटलेलं. मग म्हणाली, "आथां बसू नको बाजूला. तुझं बसून झालं." कमलेशच्या हळदीलापण आम्ही गेलेलो, त्याचं पलाव्यातल्या मुलीशी ठरलं. मी नाचले. टाके कुठे होते ते आता शोधावं लागतं.

कधीकधी मात्र वाईट वाटतं, काकू. मागच्या खोलीत आता आई पापड वाळत घालते. मी जाऊन बसले तर कोणी काही म्हणत नाही, आणि तरी तिथे बसले की मला वाटतं, माझ्यासारखी दुसरी कोण असेल डोंबिवलीत, ती कुठे बसली असेल.

एक विचारायचं होतं. काकांचं श्राद्ध एकोणतीसला येतंय. गोळ्यांचा हिशोब बघितला तर माझी पाळी तेव्हाच येणार. आई म्हणते, दोन दिवस गोळ्या पुढे ढकल. मला ढकलायची नाहीये. मागच्या वर्षी खोटी होती म्हणून आले नाही, आणि या वर्षी खरी आहे म्हणून पण नाही, असं नको. पण घर तुमचं, काका तुमचे. तुम्ही नको म्हणालात तर राग मानणार नाही.

येऊ का?

दिशा


नौपाडा
१७ मे २०२५

दिशा बाळा,

ये. गोळ्या ढकलू नकोस.

या वर्षी गुरुजींना सांगितलेलं नाही. ह्यांना जे आवडायचं तेच करणार आहे. पानं तू वाढायचीस. पहिलं पान ह्यांचं.

आईला आण, आणि आजी चार जिने चढणार असतील तर त्यांनाही आण. संध्याकाळी परत निघाल की मी तुमच्याबरोबर मानपाड्याला येईन म्हणते. एक रात्र राहीन. आमच्या दारावर कोणाचं तोरण आहे ते एकदा बघून घेते. झोपायला मागची खोली दे. पापड थोडे बाजूला सरकवा.

आणि आजींना सांग, सुकट घेऊन या. वेलदोडे माझ्याकडे आहेत.

वाट पाहते.

तुझी
सरोजकाकू